पिंपळाला डावी फेरी

पनवेलहून परतल्यापासून एक विचित्र गोष्ट होते. तुळशीपुढे दिवा लावून फेरी घालायला निघाले की माझे पाय अडतात. लहानपणापासूनची सवयीची फेरी, पण क्षणभर कळत नाही, उजवीकडून निघायचं की डावीकडून. सासूबाई मागून विचारतात, "काहून वं, वाट विसरली काय?" मी हसते आणि चालू लागते.

आमच्या गोंदियाकडच्या या खेड्यातून पनवेलला गेलेलं दुसरं कुणी नाही, म्हणून वाचनालयाच्या गुरुजींनी हे लिहायला बसवलं. मी सातवीत शाळा सोडली. शुद्धलेखन गुरुजींनी सुधारावं. गोंधळ मात्र तसाच राहू द्यावा, कारण प्रवासभर माझ्याजवळ तेवढंच काय ते सामान होतं.

निघण्याआधी

भिलाईच्या पोलाद कारखान्यात रशियन इंजिनियर असायचे. त्यांच्या वसाहतीत मी एका बाईंकडे स्वयंपाकाला होते. कानावर पडून पडून त्यांची भाषा मला येऊ लागली. म्हणजे किती, तर मीठ, चमचा, गरम, थंड, पुरे, करपलं, पडलं, उद्या. चुलीपासून हात लांब केला की जेवढं पोचेल तेवढी.

मग त्यांचा देशच मोडला. एकेक कुटुंब पेट्या बांधू लागलं. त्याच थंडीत माझ्या बाईंकडे त्यांची मावसबहीण पाहुणी आली. तिचं नाव नोन्ना वासिल्येवना. यातलं दुसरं नाव बापाच्या नावावरून. त्यांच्यात मान द्यायचा तर दोन्ही नावं एकदम घ्यायची. आपल्याकडेही बापाचं नाव मध्ये लागतंच, पण ते शाळेच्या दाखल्यावर. हाक मारताना कोण घेतं? मी त्यांना नोन्नाबाई म्हणू लागले. उंच, खांदे रुंद, चालताना डाव्या अंगाला जराशा कललेल्या. बर्फावर पोलादी पात्यांचे बूट घालून शर्यतीत पळतात ना, त्या खेळात त्या एके काळी जगात पहिल्या आल्या होत्या.

आता प्रधान डॉक्टर. ते पनवेलला दातांचे डॉक्टर, आणि मुलांचा स्केटिंगचा क्लब चालवतात. त्यांचे भाऊ भिलाईत नोकरीला. भावाकडून बातमी लागताच त्यांनी नोन्नाबाईंना शिबिरासाठी बोलावलं, आणि शिबिर नीट पार पडलं तर दर थंडीत बोलावू असंही कबूल केलं. सोबत दुभाषी पाहिजे होती. माझ्या बाई म्हणाल्या, "शाकू जाईल." शकुंतलेची शाकू मी त्यांच्याकडेच झाले.

माझी भाषा किती, हे नोन्नाबाईंना पहिल्याच दिवशी कळलं असणार. पण त्या कुणाजवळ बोलल्या नाहीत. हे उपकार मी विसरणार नाही. कारण गोष्ट सरळ होती. शिबिर फसलं, तर त्यांना परत जायला क्लब राहिला नव्हता, तो देशाबरोबर बंद पडला होता. आणि मला परत जायला स्वयंपाकघर राहिलं नव्हतं.

कल्याणहून पनवेल

आगगाडीचं काही सांगत नाही. कल्याणला उतरून एसटी धरली. डोंगर पाहून मी खिडकीला नाक लावलं. आमच्याकडे तळी आणि धानाची बांधी, नजर कुठं अडत नाही. इथं जिकडे बघावं तिकडे डोंगर उभे. एक तर मुठीतून अंगठा वर काढल्यासारखा. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "तो कर्नाळा." नोन्नाबाईंनी त्याच्याकडे पाहून आपलाही अंगठा वर केला.

सत्काराला मांडव होता. फलकावर बाईंच्या देशाचं नाव खोडून नवीन रंगवलं होतं, पण जुनं खालून दिसत होतं. डॉक्टर घाईघाईनं माझ्याजवळ आले. "शकुंतलाबाई, मॅडमचं नॅशनल अँथम कुठलं? आमच्याकडे कॅसेट आहे ती जुनी. चालेल का, विचारा बरं."

राष्ट्रगीताला मला शब्द येईना. मी विचारलं, "गाणं, जुनं की नवं?"

नोन्नाबाईंनी थोडा विचार केला, उठल्या आणि गाऊ लागल्या. बाप्पा! सगळा मांडव ताडकन सावधान उभा राहिला. गाणं संपेपर्यंत पोरंसुद्धा हलली नाहीत. पुढं काही दिवसांनी मला उलगडलं की ते बकरीच्या पिल्लाचं गाणं होतं, लहान मुलांना झोपवताना म्हणतात ते. पनवेलमध्ये हे अजून कुणाला ठाऊक नाही. आता गुरुजींनी छापलं तर कळेल.

हार घालताना मात्र त्यांनी अशी मान खाली केली की जन्मभर हार घेत आल्या असाव्यात. त्या खेळात जो जगात पहिला येतो त्याच्या गळ्यात पानांचा मोठा हार घालतात म्हणे.

प्रधानांच्या घरी

आमची सोय डॉक्टरांच्या घरीच होती. प्रधान वहिनी हात सैल सोडून वाढणाऱ्या. सगळ्यात ओलं खोबरं, आणि मासे समुद्राचे. आमच्या तळ्यातल्या माशांना चिखलाचा वास असतो, तो मी पहिले दोन घास शोधत राहिले.

दुसऱ्या सकाळी घावनं होती. मी आंघोळीला गेले होते. वहिनींनी खुणेनं विचारलं, किती? नोन्नाबाईंनी पंजा वर धरून दोन बोटं मिटली. वहिनींना तीन उभी दिसली, त्यांनी तीन वाढली. पुढच्या सकाळीही तेच. तिसऱ्या दिवशी मी समोर होते म्हणून कळलं. "वहिनी, ते लोक मिटलेली बोटं मोजतात. दोन मिटली म्हणजे दोन." भिलाईला पहिल्या महिन्यात मीही दोनाऐवजी तीन अंडी फोडून बोलणी खाल्ली होती.

"अगं बाई! मग खाल्ली कशाला बिचारीनं?"

मी विचारलं. नोन्नाबाई म्हणाल्या, त्यांना वाटलं, या घरात एक आग्रहाचं जास्त वाढतात. तेही खोटं नव्हतं.

मैदान

आता मुख्य गोष्ट.

मैदानाच्या मधोमध पिंपळ. त्याला पार, पारावर लोखंडी जाळीच्या दारामागे शेंदरी मारुती. क्लबनं पिंपळाभोवती सिमेंटची गोल वाट केली होती. मुलं चार चाकांचे बूट घालून त्या वाटेवर फिरत.

पहिले दोन दिवस नोन्नाबाईंनी चाकांना हातच लावू दिला नाही. गुडघे वाकवून बसवायचं आणि तसंच तिरकं चालवायचं. आया कुजबुजू लागल्या, "स्केट्स घेऊन दिलेत कशाला? हे तर उठाबशा काढणं झालं." तिसऱ्या दिवशी बूट चढले, मुलं निघाली आणि नोन्नाबाई डोक्याला हात लावून ओरडल्या, "नालेवा! नालेवा!" म्हणजे डावीकडे.

मुलं सगळी उजवीकडून फिरत होती. मारुती उजव्या हाताला ठेवून, आपण देवळात फिरतो तशी. कुणी शिकवलं नव्हतं. पिंपळ मध्ये म्हटल्यावर पाय आपोआपच तसे वळले होते. मग मुलं उलटी वळली. ती अर्ध्या फेरीत पोचली नाहीत तोच कडेच्या घरातून आवाज आला, "थांबा! सगळे थांबा!"

हे तात्या. पोस्टातून निवृत्त झालेले. मारुतीची पूजा त्यांच्याकडे आणि मैदानाच्या फाटकाची किल्लीही त्यांच्याकडेच.

"डॉक्टर, उलटी फेरी माणूस कुठं घालतो, ठाऊक आहे ना? खांद्यावर मडकं घेऊन. स्मशानात!"

"अहो तात्या, हा इंटरनॅशनल रूल आहे. सगळ्या रेसेस अँटिक्लॉकवाइजच असतात. आपली पोरं जिल्ह्याला जातात आणि पहिल्याच वळणावर आपटतात. का? तर इथं रोज प्रदक्षिणा घालतात!"

"मग जिल्ह्याला घालू देत हव्या तशा. माझ्या मारुतीला नाही."

दोघंही खरं बोलत होते. मी कुणाच्या बाजूनं मान हलवावी? तेवढ्यात नोन्नाबाईंनी विचारलं, "शाकू, काय झालं?"

देव, प्रदक्षिणा, अशुभ. यातला एक शब्द मला येत असेल तर शपथ. मी म्हटलं, "आजोबा म्हणतात... डावीकडे... करपलं."

"डावीकडे करपलं?"

मी पुन्हा शोधलं. मेलेला हा शब्द मला येत होता, कोंबडीमुळे. "मेलेला, डावीकडे. जिवंत, उजवीकडे."

 त्या पाराच्या पायरीवर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी जन्मभर डावीकडेच."

त्यांच्या आयुष्याला मी काय म्हणून बसले, हे मला तेव्हा कळलं. तात्यांनी मुलांना बाहेर काढून फाटकाला कुलूप घातलं. "सुलटं चालायचं असेल तर उघडेन. नाहीतर शिबिर संपलं समजा."

बाजार

दुसऱ्या दिवशी करायला काही नव्हतं. वहिनींबरोबर मासळी बाजारात गेलो. उरणची हिराबाई कोळीण वहिनींची नेहमीची. तिच्या शेजारी टेम्पोतून बर्फाच्या लाद्या उतरवत होते, भुशात गुंडाळलेल्या. नोन्नाबाई तिकडे गेल्या, एका लादीवरचा भुसा झाडला आणि दोन्ही तळवे टेकवून उभ्या राहिल्या.

"आगो बाय, हात गोठतील तुजं!" हिराबाई ओरडली. "हिला मावरं पायजेल का बरफ?"

"हिराबाई, ही बर्फावर पळण्यात जगात पहिली आलेली आहे," वहिनी म्हणाल्या.

"बरफावर? आमी तर त्यावर पापलेट ठेवताव."

नोन्नाबाई लादीला वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "वाईट. घाईत शिजवलेला." बर्फ शिजतो कसा, हे मी विचारलं नाही. तिथं लादीवर हात ठेवूनच त्यांनी मला आपलं सगळं सांगितलं. मला जेवढं समजलं तेवढं लिहिते.

त्यांच्या गावची नदी थंडीत दगड होई. बाप लाकडं कापायच्या कारखान्यात. बुटांना दोरीनं पाती बांधून पोरं नदीवरून शाळेत जात, सरळच्या सरळ. वळायला कधी लागतच नसे. मग एका मास्तरानं त्यांना पळताना पाहिलं, शहरात नेलं आणि गोल वाटेवर सोडलं. तिथून पुढं सगळं आयुष्य डावीकडे. एका परदेशी गावात, उघड्यावर, बर्फ पडत असताना त्या जगात पहिल्या आल्या. गळ्यात पानांचा हार. पुढच्या थंडीत त्याहून मोठी शर्यत होती. शेवटचं वळण राहिलं होतं.

"आणि मग पडले," त्या म्हणाल्या. बशी हातातून निसटली की भिलाईत बाई जो शब्द म्हणत, तोच. म्हणून मला आवाजसुद्धा ऐकू आला, आणि मी विचारलं, "बशीसारखं?" त्यांनी मान डोलावली.

नंतर गुडघा दुखत राहिला. मुलांना शिकवू लागल्या. मग क्लबही नाही, देशही नाही. "आता तुमचं मैदान," त्या म्हणाल्या आणि हात पुसले.

हिराबाईला मी थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, "मंग उजवीकडं का नाय वळत ती? देवालाच तर घालायची फेरी."

नोन्नाबाईंनी बूट काढून दाखवला. डाव्या बुटाची बाहेरची कड खाल्ल्यासारखी झिजली होती. रस्त्यावर चालायचा साधाच बूट, पण शरीर तिकडेच झुकायचं.

"म्हंजे घान्याचा बैल गो! त्यो बी एकाच अंगानं फिरतो."

बैल मला येत नव्हता. मी म्हटलं, "गाय, गोल गोल, तेल." नोन्नाबाईंना किती समजलं देव जाणे, पण त्या इतक्या हसल्या की हिराबाईनं बर्फाचा एक तुकडा फोडून त्यांच्या हातावर ठेवला. "घे, मानाचा."

पोपटी

संध्याकाळी डॉक्टरांच्या मित्रानं करंजाड्याच्या शेतावर पोपटीला नेलं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे भरतात, ते जमिनीवर पालथं घालतात आणि वरून पेंढा पेटवतात. पाणी नाही, तेल नाही. मला आधी वाटलं, हे सगळं करपणार. पण शेंगा अशा निघाल्या की मी बोलायचं विसरले.

वहिनी म्हणाल्या, "बघा, इथं मडकं उलटं चालतं. फेरी उलटी चालत नाही." सगळे हसले, पण डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "उद्या पालक येतील विचारायला. मी त्यांना काय सांगू? शिबिर कॅन्सल?" मी दुसरी शेंग सोलायला घेतली. मला तात्यांचा राग येत नव्हता. मलाही उलटी फेरी बघवली नव्हती. आणि तरी फाटक उघडावं असंच वाटत होतं.

घरी आल्यावर वहिनी मागच्या अंगणात तुळशीला दिवा लावून फिरू लागल्या. नोन्नाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. शब्द नव्हते, म्हणून मी त्यांचा हात धरला आणि त्यांना बरोबर घेऊन तुळशीभोवती फिरले. प्रत्येक वळणाला त्यांचं अंग चुकीच्या बाजूला जाई, मी ओढून घेई. फेरी संपल्यावर त्यांनी आभाळाकडे बोट करून उजवीकडे कमान काढली. "सूर्य?"

मी हो म्हटलं. सूर्य असेलही. मला कधी कुणी कारण सांगितलंच नव्हतं.

पडदा

सकाळी नोन्नाबाई चाकांचे बूट हातात घेऊन सरळ तात्यांच्या दारात उभ्या राहिल्या. हात जोडले, फाटकाकडे बोट केलं आणि उजवीकडे कमान काढली. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"उजवीकडून जाते म्हणतात," मी म्हटलं. हे भाषांतर बरोबर होतं, याची मला खात्री होती. पहिल्यांदाच.

तात्यांनी कुलूप काढलं. डॉक्टर होते, काही पालक होते, मुलं होती. डॉक्टरांच्या क्लबमधली मुग्धा नावाची पोरगी, जिल्ह्याला हमखास आपटणारी, सगळ्यांत पुढं होती. नोन्नाबाईंनी मारुतीला नमस्कार केला आणि उजवीकडून निघाल्या. पहिलं वळण कसंबसं गेलं. मारुतीच्या पाठीमागे दुसऱ्या वळणाला डावा पाय आपल्या जुन्या सवयीनं निघाला, उजवा देवाच्या बाजूनं, आणि जगात पहिली आलेली बाई सिमेंटवर आडवी झाली.

सगळ्यांत आधी तात्या धावले. धोतर सावरत. "अहो बाई, लागलं का? डॉक्टर, नुसते दात काय बघता, पाणी आणा!"

गुडघा फुटला होता. तोच गुडघा. नोन्नाबाई बसल्या जागी हसत होत्या आणि मला सांगत होत्या, "बशी, शाकू. बशी." मग माझ्या खांद्याला धरून उठल्या आणि पुन्हा निघाल्या. हात पसरून, लहान मूल चालायला शिकतं तसं, एकेक पाऊल ठेवत. पूर्ण फेरी उजवीकडून घालून त्या मारुतीपुढे येऊन थांबल्या.

  तात्या घरात गेले आणि बायकोचं जुनं लुगडं घेऊन आले. मारुतीच्या जाळीला ते बांधू लागले.

"तात्या, हे काय?" डॉक्टर म्हणाले.

"नैवेद्य दाखवताना पडदा ओढतो की नाही? देव जेवतो तेव्हा आपण बघत नाही, तोही बघत नाही. पहिली फेरी त्याची, उजवी. सगळ्यांनी घालायची. मग मी पडदा ओढणार. पुढच्या तुमच्या." त्यांनी लुगडं सरकवून पाहिलं. "आता त्यांना म्हणावं, तुमची दाखवा."

नोन्नाबाईंनी मला विचारलं, कापड कशाला? मी म्हटलं, "मारुती जेवतो."

"सगळी सकाळ?"

"मोठा आहे."

त्यांनी मान डोलावली, एक हात पाठीवर टेकवला, वाकल्या आणि डावीकडे निघाल्या. मी हे कसं लिहू? फुटका गुडघा, चाकांचे जड बूट, आणि तरी वळण आलं की बाई वळत नव्हती, पिंपळच तिच्याभोवती फिरत होता. मुग्धा म्हणाली, "आई गं." तात्या पडद्याची कड धरून उभे होते. देवाला दिसू नये म्हणून धरली होती, की आपण नीट पाहावं म्हणून, ते मला कळलं नाही.

निरोप

शिबिर पार पडलं. रोज पहिली फेरी उजवी, मग तात्या पडदा ओढत आणि पोरं ओरडत, "नालेवा!" शेवटच्या दिवशी मुग्धा एकाही वळणावर आपटली नाही. पालक पेढे घेऊन आले.

पण मला एक भीती पोखरत होती. पोरं आता बाईंचं बोलणं हातवाऱ्यांवरूनच समजत होती. डॉक्टरांनाही जमू लागलं होतं. दिवस दिवस मला कुणी काही विचारत नव्हतं. पुढच्या थंडीत दुभाषी कशाला लागेल?

निघताना नोन्नाबाईंनी सगळ्यांना पारावर बसवलं. प्रवासाला निघण्याआधी ते लोक असं घटकाभर गप्प बसतात. डॉक्टर घड्याळ बघत होते, "गाडी चुकेल हो." तात्यांनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. आमच्या घरी निघणाऱ्याच्या हातावर दही घालतात. इथं वहिनींनीही घातलं. दोन्ही झालं, म्हणजे काही चुकू नये.

मग डॉक्टर म्हणाले, "शकुंतलाबाई, मॅडमना विचारा, पुढच्या थंडीत नक्की ना?"

मी विचारलं. "थंडी, पुन्हा, इथं?" 

नोन्नाबाईंनी हो म्हटलं, पंजा वर धरला आणि दोन बोटं मिटली.

"तीन?" डॉक्टर गोंधळले. "तीन माणसं? तिसरं कोण?"

मला उत्तर ठाऊक होतं. पण ते माझ्या तोंडून निघणार कसं? आपणच आपलं पान वाढून घ्यावं तसं झालं असतं.  तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "अहो, उभी नाही, मिटलेली मोजायची! घावनं विसरलात? दोन!"

"दोन? म्हणजे कोण कोण?"

नोन्नाबाईंनी एक बोट आपल्या छातीला लावलं. दुसरं माझ्या खांद्यावर ठेवलं, आणि तिथंच राहू दिलं.

त्याचं भाषांतर करायला मला कुणी सांगितलं नाही.